तापट, पण राग लवकर उतरतो

नाशकात खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण कुणी विचारायच्या आधीच खरं सांगून मोकळं होणारं माणूस माझ्या माहितीत एकच, आणि ते म्हणजे माझी आतेबहीण. माझ्यापेक्षा बरीच मोठी असल्यामुळे मी तिला ताई म्हणतो आणि थोडा भितोही. लग्नाच्या पंगतीत ती शेजारणीला बासुंदी कालची असल्याचं सांगते, आणि वाढपी जवळ आला की त्यालाही सांगते. मागे तिने जुनी स्कूटर विकायला काढली होती. देवळाली कॅम्पातून लष्करातले एक हवालदार पाहायला आले. ताईने स्कूटरचे दोष सांगायला घेतले ते संपेचनात. थंडीत सुरू होत नाही, चढावर दम टाकते, डावा इंडिकेटर मनात आलं तरच लागतो. हवालदारांनी शेवटी अदबीने विचारलं, "बहनजी, बेचनी है या नहीं?" ती स्कूटर अजून ताईकडेच आहे.

अशा बाईने पोटासाठी वधू-वर सूचक मंडळ चालवावं ही देवाची थट्टाच म्हणायची. रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखालच्या खोलीत तिने ते वीसेक वर्षं चालवलं. तिने लग्नांपेक्षा भांडणंच जास्त जुळवली असं माझी आई म्हणायची, पण जी लग्नं जुळली ती टिकली, हेही आईच सांगायची. मुलगा सेटल आहे, असं कुणी म्हणालं की ताई विचारायची, कुठे आणि कुणाच्या जिवावर. 'स्वयंपाकाची आवड' या शब्दांवर तर तिचा विशेष राग. आवड आहे की येतो, तेवढं सांगा. दिंडोरीकडचे एक बागाईतदार एकदा आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, पोरगं कधीमधी घेतंय, पण तेवढं नका लिहू. लग्न झालं का सुधरंल." ताईने त्यांचा कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "सुधरल्यावर या." मंडळाचा एक नियम मात्र जगबुडी आली तरी मोडायचा नाही. फोटो आहे तसा हवा, स्टुडिओत उजळलेला चालणार नाही.

पुढे लोक मोबाईलवरच स्थळं पाहू लागले आणि मंडळाला कुलूप लागलं. घरात आत्याचं औषधपाणी, ताई स्वतः पन्नाशीकडे झुकलेली, त्यामुळे नोकरी ही हौस नव्हती, गरज होती. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. एखाद्याने फोन केलाच तर मंडळ चालवणं म्हणजे नक्की काय काम, हे समजावताना ताईचा पारा चढायचा आणि समोरचा फोन ठेवायचा. मी द्राक्षवाल्यांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट बनवतो, तेव्हा म्हटलं, तुझीही एक करू, अर्जात तिचा पत्ता देऊ. लोक आधी तुला नीट बघतील, वाचतील, मग फोन करतील. हे तिला फार पटलं. फक्त मजकूर आपण लिहिणार, अशी तिची अट होती.

दोन दिवसांनी तिने मजकूर आणून दिला आणि मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर तिने एकाच प्रकारचा बायोडेटा पाहिला होता, तसाच तिने स्वतःचाही लिहिला होता. वर कुलदैवत, मग उंची, रक्तगट, मामांचं गाव. स्वभाव : तापट, पण राग लवकर उतरतो. इंग्रजी : समजते, बोलताना घाम फुटतो. संगणक : शिकते आहे, शिकवणारा मामेभाऊ चिडका आहे. नोकरी का हवी : गरज आहे. आणि तळाशी, अपेक्षा : आधी पाहावं, मग बोलवावं.

त्यानंतरचा आठवडा आम्ही एकेका ओळीवर भांडलो. मी म्हटलं, तापट काढ, सगळ्यांशी जुळवून घेते असं लिही. ती म्हणाली, माझं कितपत जुळतं ते तुझ्या बायकोला विचारलंस का? शेवटी मीच वैतागून म्हणालो की, ताई, बायोडेटा म्हणजे पंचनामा नव्हे. खोटं लिहू नकोस, पण त्यांच्या कामाचं नाही ते कशाला सांगतेस? यावर ती कागद उचलून घरी गेली, दुसऱ्या दिवशी आली आणि स्वतःच्या हाताने कुलदैवत, रक्तगट, मामांचं गाव आणि चिडका मामेभाऊ खोडून टाकला. त्या जागी, घाबरलेल्या आईबापांना नको असलेली बातमी त्यांचा अपमान न करता कशी सांगायची हे आपल्याला येतं, असं तिने लिहिलं. ते खरं होतं आणि मला सुचलं नसतं. तापट मात्र राहिलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळेल, मग आधीच कळू दे, असं तिचं म्हणणं.

फोटो द्वारका चौकाजवळच्या एका स्टुडिओत काढला. ताईच्या ओठाच्या कडेला आणि गळ्यावर कोडाचे पांढरे डाग आहेत. स्टुडिओवाल्याने न विचारता, चांगल्या मनानेच, ते पुसून टाकले. मला फोटो छान वाटला. ताई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही कोण?"

आमच्या घरात जे कुणी बोलत नाही ते मला तेव्हा आठवलं. ताई चोविशीची असताना पुण्याच्या एका स्थळाला असाच पुसलेला फोटो गेला होता. फोटोवरून होकार आला, माणसं मोटार करून आली, गळ्याकडे पाहून गप्प झाली, चहा घेऊन फार गोड बोलली आणि गेली. त्या दिवशी ताईने सगळ्यांचे कप स्वतः विसळले. नंतर तिने स्वतःसाठी स्थळ पाहू दिलं नाही.

तरीही मी तिला समजावलं, की काम लोकांसमोर बसण्याचं असेल, फोटो पाहूनच नको म्हणतील. ती अजिबात चिडली नाही.

"घरबसल्या बघून नको म्हणू देत, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "बोलावून, बसवून, चहा पाजून नको म्हणतात ना, ते मला परत नको. डाग आहेत तिथं ठेव."

मी ठेवले. मला तिचा अभिमान वाटला आणि तिची काळजीही वाटली. पुढचा महिनाभर कुणाचाच फोन आला नाही. ताई रोज यायची, साइट उघडायला लावायची, एखादा शब्द बदलायची, पण फोटोबद्दल चकार शब्द काढायची नाही. मग एका हॉस्पिटलमधून फोन आला. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायला त्यांना माणूस हवं होतं.

मी तिला मोटरसायकलवरून घेऊन गेलो आणि बाहेर थांबलो. ती अर्ध्या तासात आली, नुसतं चल म्हणून मागे बसली. मला वाटलं, झालं. द्वारकेच्या सिग्नलला आम्ही ट्रक आणि रिक्षांमध्ये अडकलो तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. सोमवारपासून या म्हणालेत. राग येतो का, असं त्यांनी विचारलं नाही, म्हणून तिनेच सांगायला घेतलं, तर तिथल्या बाई हसून म्हणाल्या की ते आम्ही वाचलंय. आणि त्याच बाईंनी तिला जिन्यातच ओळखलं होतं, नाव घेऊन हाक मारली होती.

तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"पाहून बोलावलं रे मला," ती म्हणाली.

मी मागे वळलो नाही. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, पण गाडी पुढे काढायला मला जरा वेळ लागला.