बँकेत न आलेला चेक

पेंटरांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं अक्षर रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला वाचता यायचं. घरातलं लिहिणं मात्र बायकोकडे, आणि तेही फक्त चेकांपुरतं. सामानाची यादी तिच्या डोक्यात असायची, पत्र तिने कधी कुणाला धाडलं नाही. चेक लिहायला मात्र ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसायची. आणि अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली असावी!

"अगं, हे वाचून बँकेतल्या माणसाला चष्मा लागेल," पेंटर मागून डोकावून म्हणायचे.

"तुमच्या अक्षराकडे लोक नुसते बघतात," ती मानही वर न करता म्हणायची, "माझ्या अक्षरावर बँक पैसे देते."

ती अचानक गेली. सकाळी चहा ठेवते म्हणून उठली आणि ओट्याशीच खाली बसली.

दिवस जात राहिले. मुलगा आणि सून जवळच राहायचे, जेवणखाण बघायचे. पेंटरांनी तिच्या कपाटाला, पर्सला हात लावला नाही, लावू दिला नाही. पण एका दुपारी त्यांच्या मनात आलं, तिचं अक्षर एकदा बघावं. ते सोडून घरभर शोधलं, पण चिटोराही मिळेना. पूर्वी वटलेले चेक बँक पोस्टाने परत पाठवायची. ते ताडून झाले की ती प्रत्येकाचे चार तुकडे करून टाकायची. पुढे बँकेने कागद पाठवणंच बंद केलं. चेकबुकात नोंदीची पानं होती, तीही कोरी. "माझ्या लक्षात असतं की," हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि ते खरंही होतं, म्हणून तर पंचाईत.

खात्याच्या उताऱ्यात तिचा शेवटचा खर्च दिसत होता, चपलांच्या दुकानाचा. म्हणजे एक चेक नक्की लिहिला होता. पेंटर उतारा घेऊन बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने त्यांना आतल्या खोलीत धाडलं. तिथे क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याचं काम बघणाऱ्या, बाई बसायच्या. मध्यम वयाच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि समोर चेक गिळून पलीकडून बाहेर टाकणारं यंत्र.

"मला माझ्या बायकोचा चेक परत हवाय," पेंटर म्हणाले.

"काका, आम्ही चेक परत देत नाही आता. यंत्र त्याचा फोटो काढतं, तो फोटोच पुढच्या बँकेत जातो. कागद काही दिवस ठेवतात, मग कापून टाकतात."

"फोटो तरी दाखवा."

बाईंनी संगणकावर खातं काढलं. वीजबिल, दातांचा डॉक्टर, गॅस, एकेक चेक पडद्यावर उमटू लागला. पेंटर खुर्ची पुढे ओढून बसले. अक्षर तिचंच होतं, पण काळंपांढरं, सपाट. ती पेन किती दाबून लिहायची! कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी कळायचं. ते इथे कुठे?

"शेवटचा दाखवा. चपलांचा."

बाई बराच वेळ शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचा फोटोच नाही."

"असं कसं? पैसे तर गेलेत!"

"पैसे गेले, पण..." बाईंनी उतारा जवळ ओढला, त्या ओळीपुढची खूण बघितली आणि कपाळावर हात मारला. "माझ्याच लक्षात यायला हवं होतं! हा चेक म्हणून वटलेलाच नाही. काही दुकानांत काउंटरवरच यंत्र असतं. ते चेकवरचा खातेनंबर तेवढा वाचून घेतं, आणि पुढचं सगळं तारेवरून. पैसे कार्डाने दिल्यासारखे जातात. तो चेक बँकेत आलाच नाही, काका."

"मग गेला कुठे?"

"दुकानदार त्यावर रद्दचा शिक्का मारतो आणि देणाऱ्याला तिथल्या तिथे परत करतो. म्हणजे काकूंच्याच हातात दिला असेल."

पेंटरांना आठवलं. त्या दिवशी ती चपला घेऊन आली होती, पाय सुजतात म्हणून मऊ. दारातच म्हणाली होती, "काय बाई जमाना, चेक घेतला आणि परतही दिला!" त्यांनी ऐकलं होतं आणि रंगाचे डबे आवरत नुसतं 'हं' म्हटलं होतं.

"तिची पर्स आहे घरी," अखेर ते म्हणाले. "ती गेल्यापासून उघडली नाही."

बाईंनी घाई केली नाही. "घरचं कुणी आहे ना? सोबत घेऊन उघडा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सुनेने पर्स टेबलावर ठेवली. "बाबा, मी काढू का?"

"नको. तू बस नुसती."

रुमाल निघाला, गोळ्यांचं पाकीट, डोक्याच्या दोन पिना, खडीसाखरेचा अर्धा खडा. आतल्या कप्प्यात पावतीला टाचलेला चेक, आडवातिडवा 'रद्द' मारलेला. पेंटरांनी तो पालथा केला आणि बोट फिरवलं. अक्षरं बोटाला लागली. मग सुलटा करून वाचायला लागले आणि एकदम हसू फुटलं.

"काय झालं?" सून घाबरली.

"हे बघ, 'हजार'मधला 'ह' बघ! उलटं पडलेलं झुरळच जणू. चाळीस वर्षं सांगतोय हिला..." हसता हसताच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ते मोकळेपणी रडले. सुनेने त्यांचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत सांगायला गेले. चेक शर्टाच्या खिशात होता. क्लिअरिंगच्या बाईंनी चष्मा लावून तो नीट बघितला.

"काका, खरं सांगू? अक्षर फारच वाईट आहे हो."

"आहेच!" पेंटर अभिमानाने म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी सुनेला हाक मारून बायकोचं कपाट उघडलं. मऊ चपला सुनेच्या पायाला बरोबर बसल्या. "तूच घाल," ते म्हणाले, "नव्याच आहेत अजून."