भिवराबाईची माती थांबली

पडलेला पक्ष पुन्हा कसा उभा राहिला, हे तालुकाध्यक्ष प्रविणराव हल्ली भाषणात रंगवून सांगतात. बूथ बांधले, तरुण जोडले, घर तिथं कार्यकर्ता केला, वगैरे. घाटनांदूरची माणसं टाळ्या वाजवतात आणि मनात म्हणतात, सांगू द्या बिचाऱ्याला. खरी गोष्ट राधाकिशनची आहे, आणि तो व्यासपीठावर कधी चढत नाही.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा राधाकिशनचा धंदा आणि पक्ष हे त्याचं वेड. उभी हयात त्यानं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. बदल्यात मिळालं काय, तर पक्षाचे आमदार साहेब त्याला नावानं हाक मारत, तेही अधूनमधून राधेश्याम म्हणत. त्याचं मूळ गाव हे घाटनांदूर नव्हे, केजकडचं नांदूरघाट. त्याच गावची लेक भिवराबाई इथं वस्तीवरच्या शहादेवला दिलेली. तिला सख्खा भाऊ नव्हता, आईबाप कधीच गेलेले. म्हणून राधाकिशन तिचा गावचा भाऊ, आणि सख्ख्याहून वरचढ. तिच्या हातची भाऊबीज झाल्याशिवाय त्याची दिवाळी उरकत नसे.

निवडणुकीच्या तोंडावरच्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं, ताटात लाडू ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तुझ्यापाशी खोटं कावून बोलू? औंदा आमचं घर तुमच्या पक्षाला मत देणार न्हाई. तुमचे साहेब निवडून आले अन् वस्तीवर एकदा तरी फिरकले का?"

राधाकिशननं लाडू पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला आणि उठला.

निकाल लागला आणि पक्ष भुईसपाट झाला. राधाकिशनच्या स्वतःच्या बूथवरसुद्धा धूळधाण उडाली. भिवराबाईचा मुलगा अभिमन्यू विजयी मिरवणुकीत गुलालानं माखून नाचला आणि मामाच्या दुकानासमोर त्यानं फटाक्यांची माळ लावली. राधाकिशननं हार सोसली असती, पण ती माळ त्याच्या जिव्हारी लागली. त्यानं वस्तीकडची वाटच सोडली. भिवराबाईनं अंथरूण धरल्याचं कळलं, तरी गेला नाही. चांगल्या माणसाचा रुसवाही कधी कधी फार ओंगळ असतो.

एका सकाळी ती गेल्याची बातमी आली. त्याच दिवशी पक्षाच्या कार्यालयात चिंतन बैठक होती. नाव चिंतनाचं, चालल्या होत्या शिव्या. कुणी साहेबांच्या नावानं बोटं मोडत होतं, कुणी मशीनच्या. शेवटी प्रविणरावांनी ठराव मांडला की, ज्यांनी दगा दिला त्यांच्या दारात पक्षाच्या माणसानं पाय ठेवायचा नाही. लग्नाला नाही, मयताच्या मातीला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. राधाकिशन खाली बघत बसून होता. बातमी कानावर असूनही तो उठला नव्हता.

तेवढ्यात दारात अभिमन्यू येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती, डोळे सुजले होते.

"मामा," तो म्हणाला, "मायची माती थांबलीय. तुमचं लुगडं यायचंय."

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आणि भिवराबाईचं माहेर म्हणजे उभ्या गावात एकटा राधाकिशन. शहादेव दुसरी काहीतरी सोय करील, अशी त्यानं सकाळपासून मनाची समजूत घातली होती. आता तो ताडकन उठला.

"अहो, ठराव चाललाय," प्रविणराव म्हणाले.

"तुमी करा ठराव. माझी बहीण अंगणात पडलीय."

बाजारात रहमतुल्लाभाईंनी दुखवट्यानं कापडदुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. त्यांनी हिरवं नऊवारी काढलं, घडी मोडून कुठं डाग तर नाही ना ते पाहिलं. "काठ रुंद हाय," ते म्हणाले, "भिवराआपाला असाच लागायचा." लुगडं पोटाशी धरून राधाकिशन वस्तीवर पोचला, तेव्हा माणसं बाजूला झाली. बायकांनी लुगडं नेसवलं. त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचललंच नाही.

मागं बघतो तर अख्खी बैठक आलेली. एकट्याला कसं सोडायचं म्हणून आधी दोघं उठले, मग चौघं, शेवटी प्रविणरावही. मसणवट्यात जिंकलेल्यांच्या पुढाऱ्यानं श्रद्धांजलीचं भाषण ठोकलं. प्रविणरावांनीही घसा साफ केला, पण राधाकिशननं नुसतं बघितलं आणि भाषण जागच्या जागी जिरलं. परतताना एका म्हातारीनं त्यांना गाठलं. "आता व्हय रं वाट सापडली? माझा धनी गेला तवा कुटं गेलतास?" प्रविणरावांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, भुईवर बसले आणि आणखी बोलणी खाऊन, चहा पिऊन आले. तिथून त्यांना दारोदार जायची सवयच लागली. गाडी न घेता जात, मत मागत नसत. दगाबाजांचा ठराव कुणी पुन्हा काढला नाही. जिल्हा परिषदेला हा गट पक्षाकडं परत आला तो असा.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी चिता पेटली, माणसं पांगली, आणि एका दगडावर शहादेव तेवढा बसून राहिला. राधाकिशन त्याच्या शेजारी टेकला. निवडणुकीपासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"लोकं लई घाई करत व्हते," शहादेव म्हणाला. "म्हणले, आणा दुकानातून एखादं, कुणाला कळतंय. मी म्हणलं, तिला कळंल."

राधाकिशननं विचारलं, "दाजी, मी आलोच नसतो तर?"

"तर बसलो असतो," शहादेव म्हणाला. "आमी तिला रोज म्हणायचो, तुझा भाऊ काय येत न्हाई आता. ती म्हणायची, रुसू द्या. रुसतंय म्हंजी माहेर हाय अजून."

राधाकिशन शहादेवच्या गळ्यात पडला आणि लेकरासारखा रडला.