पिंपाला घातलेली बुंदी

आधी निपाणीच्या आक्काचं सांगते, मग बाकीचं. ती नसती तर बेळगावात आमचं बिऱ्हाड टिकलं नसतं. बिड्या वळून वळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची तिची सवय, आणि हसू आलं की आधी खोकायची, मग हसायची. ती माझी नात्यानं कुणी नव्हती. आमच्या नगरकडच्या गावात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आक्का हा शब्द मी बेळगावात आल्यावर शिकले, आणि पहिल्यांदा म्हटला तो तिलाच.

मी पाचवीतच शाळा सोडलेली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण. लग्नानंतर नवऱ्याला बेळगावच्या एका फौंड्रीत काम लागलं आणि आम्ही ट्रंक घेऊन निघालो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. पहिली खोली मालकाला भाच्यासाठी हवी झाली, तेव्हा भर पावसात भांडी डोक्यावर घेऊन बाहेर पडलो होतो. त्या दिवसापासून माझ्या मनात एक धास्ती बसली. कुणी दार जरा जोरात वाजवलं तरी वाटायचं, खोली सोडायला सांगायला आले.

दुसरी खोली टिळकवाडीत मिळाली, एका बंगल्याच्या मागच्या बाजूला. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागले. भाडं नको, बाग बघायची, अशी बोली होती. मला तेव्हा दिवस गेले होते. वाटलं, बाळ तरी एका छपराखाली जन्माला येईल.

आप्पांना एकेक नाद. त्या वर्षी त्यांनी तेलाचं रिकामं पिंप आणवलं. त्याच्या मधून आरपार लोखंडी नळी घालून घेतली आणि ते दोन तीनपायी तिकाट्यांवर आडवं बसवलं. अंगाला भोकं पाडली, एका बाजूला कडी लावलेलं झाकण केलं. हात लावला की पिंप गरगर फिरायचं. वेल्डिंग माझ्या नवऱ्यानंच कुणाकडून तरी करून आणलं होतं. खंडेनवमीला घरातल्या शिलाई मशीनबरोबर आप्पांनी पिंपालाही कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मला समोर उभं केलं.

"हे बघ पोरी, ह्यात जादू काय न्हाय. घरातली भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, बागंतलं गवत, सगळं ह्यात, त्याचं खत व्हतंय. पन ओलं घातलंस की त्याच्या दुप्पट कोरडं घालायचं. आन् रोज सकाळी फिरवायचं. कुजू द्यायचं न्हाय, मुरवायचं."

"लोणच्यासारखं?"

"व्हय, लोणच्यासारखं," ते खूश होऊन म्हणाले.

दसरा झाला आणि आप्पा बायकोला घेऊन मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "दिवाळीला येतो. तोवर पिंप तुझ्या ताब्यात." कोरडा पालापाचोळा त्यांनी कोपऱ्यात तुळशी वृंदावनामागं साठवून ठेवला होता. ते गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलानं आवार साफ करायचं म्हणून तो ढीग पेटवून दिला. त्याला बोलायची माझी काय टाप! त्याचं टायरचं दुकान होतं, आणि आमच्या खोलीत त्याला टायर ठेवायचे होते. हे तो आमच्यासमोर बोलत नसे. पण खोलीच्या दारात उभा राहून आतली जागा नजरेनं मापायचा.

परतीच्या पावसानं बाग हिरवीगार होती. वाळलेलं पान शोधून मिळेना. मी आपलं जे होतं ते घालत गेले, गवत, साली, खरकटं. आणि रोज सकाळी फिरवत राहिले. आधी आतून शिळ्या ताकासारखा वास आला. मग मेलेल्या उंदरासारखा. भोकांतून काळं पाणी ठिबकायला लागलं. आप्पांचा मुलगा उठायच्या आत मी फरशीवरचे डाग घासून काढायची.

कंपाउंडच्या पलीकडं एक अज्जी राहायच्या. त्यांना कानडीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि मला कानडी येत नव्हती. एक दिवस त्या भिंतीवरून डोकावल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वासनी बरतैती!" तेवढं कळलं. मी हात जोडले. त्या रागावल्या नव्हत्या. तुळशीच्या दिशेनं बोट करून सांगायला लागल्या, "बूदी हाकवा, बूदी!"

बुंदी.

मी वृंदावनाकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिंपाला कुंकू लावलं, माळ घातली, पण नैवेद्य दाखवायचा राहिला होता! खंडेनवमीला फौंड्रीत पूजा झाल्यावर नवऱ्याला मिळालेली बुंदीची पुडी घरात होतीच. परका मुलूख, परक्या रीती. मी आधी तुळशीपुढं चार दाणे ठेवले, मग झाकण उघडून मूठभर बुंदी पिंपात घातली आणि मनापासून म्हटलं, बाबा, सांभाळून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपाला हात लावला आणि किंचाळले. तिकाट्यांवरून लाल मुंग्यांची रांग लागली होती. हात कोपरापर्यंत सुजला. अज्जी पुन्हा भिंतीवर. आता आवाज चढलेला, "बूदी! बूदी हाकवा!" आणि दोन्ही हातांनी हवेत एवढा मोठा ढीग करून दाखवला.

म्हणजे माझी बुंदी कमी पडली होती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "पिंपाला बुंदी?"

"इथली रीत असेल. अज्जी सारख्या सांगतायत."

"मग घालायला पाहिजे," तो म्हणाला. तोही माझ्याइतकाच परका. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना हलवायाकडून बुंदी घेऊन आला. आम्ही दोघांनी ती भक्तिभावानं पिंपात ओतली.

मग माशा आल्या, गांधीलमाशा आल्या. एका सकाळी पिंपाखालची माती घुशीनं उकरलेली दिसली. त्या दिवशी आप्पांचा मुलगा रुमाल नाकावर धरून माझ्या दारात आला. आत नजर टाकली आणि सरळ म्हणाला, "दिवाळीला आप्पा आले की हे पिंप भंगारात जानार. आन् पिंप न्हाय तर तुमचं इथं काय काम? खोली रिकामी पायजे मला. बगा आत्तापासनं कुठं जमतंय का."

पोटात बाळ, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

आक्का आमच्या मागच्या गल्लीत राहायची. निपाणीहून लग्न होऊन आलेली, म्हणून गल्लीत तिला निपाणीची म्हणायचे. सार्वजनिक नळावर आमची रोज गाठ पडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं. तिनं घागर बाजूला ओढली आणि माझा दंड धरला.

"हाताला काय झालं गं? भाजलं?"

"मुंग्या चावल्या."

"एवड्या? मुंग्यांच्या वारुळात हात घालून बसलीवतीस व्हय?"

मी सगळं सांगितलं. वास, अज्जी, बुंदी, टायर, खोली. बुंदीवर आल्यावर आक्कानं मला थांबवलं. "थांब, थांब. अज्जी काय म्हनली? तिचंच शबूद सांग."

"बूदी हाकवा."

आक्का खोकायला लागली. मला वाटलं, ठसका लागला. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तेव्हा कळलं ती हसतीय. "अगं माजे बाई! बूदी म्हंजे राख गं, राख! कानडीत राखंला बूदी म्हनत्यात! आन् तू त्या पिपाडाला बुंदी चारलीस?"

नळावरच्या सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी रडायला लागले तशी आक्का गप्प झाली. "उगी," ती म्हणाली. "चल, बगू तरी."

तिनं आधी भिंतीशी जाऊन अज्जीला हाक मारली आणि कानडीत सगळं सांगितलं. मधेच 'बुंदी' एवढं ऐकू आलं. अज्जी "अय्य शिवने!" म्हणत खालीच बसल्या. बराच वेळ त्यांचं फक्त हसू ऐकू येत होतं. मग उठून त्यांनी पुन्हा बोट केलं. आक्का त्या बोटाच्या रोखानं चालत गेली आणि वृंदावनामागं वाकली. मुलानं जाळलेल्या पाचोळ्याची राख तिथं ढीगभर पडली होती. अज्जी मला तुळस दाखवत नव्हत्या, राख दाखवत होत्या.

राख घातली तशा मुंग्या हटल्या. पण आतलं सगळं चिखल झालेलं. आक्कानं काडी घालून पाहिलं. "ह्याला कोरडं पायजे बग. लई कोरडं. आमच्या आईकडं निपानीला विडीच्या पानांची कात्रनं पडल्याली असत्यात पोत्यानं. चुलीत घालत्यात. ती चालतील का?"

"पण तंबाखू असेल ना त्यात? खत मरायचं नाही का?"

"मला काय ठावं बाई? मी काय खताची डाक्टर हाय? चाळून आनीन, मग तर झालं?"

ती निपाणीला गेली ते दिवस मला फार लांब वाटले. मनात यायचं, विसरली असेल, तिला तिचं काम आहे, मी तिची कोण लागते. मुलगा एकदा टेप घेऊन आला आणि माझ्यादेखत खोलीची लांबी मोजून गेला.

आक्का आली ती पोतं डोक्यावर घेऊनच. तंबाखूची भुकटी चाळताना तिचा खोकला वाढला होता. पण तिला सांगायचं होतं ते बसचं. "कंडक्टर म्हनतोय, पोत्यात काय? म्हनलं पाला हाय. म्हनतोय, वास तर तंबाखूचा मारतोय. म्हनलं, दादा, निपानीत मानसाला बी तंबाखूचाच वास येतोय, काय करतोस? आख्खी गाडी हसली. मग त्यानंच टपावर टाकलं."

मी झाकण उघडायला गेले तर तिनं मला मागं ओढलं. "तू बस पायरीवर. पोटुशी बाईनं ह्यात हात घालायचा न्हाय."

"आक्का, तुझ्या हातांना वास राहील."

"ऱ्हाऊ दे."

त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी तिला बिड्या वळायच्या होत्या. पानाला दुसरा वास लागला की मुकादम बिडी फेकून देतो, हे तीच मला सांगत असे. तरी तिनं कोपरापर्यंत हात घालून आतला चिखल बाहेर काढला, कात्रणं आणि माती मिसळली, पुन्हा भरला. मग राख घेऊन नळाखाली हात घासत बसली. "बग," मला म्हणाली, "आता बूदी खऱ्या कामाला आली."

पुढं रोज पिंप फिरवायचं आणि अंदाज घ्यायचा, एवढंच माझ्या हातात होतं. कधी वाटायचं वास कमी झाला, कधी वाटायचं आपल्या नाकालाच सवय झाली. एका सकाळी पत्र्याला हात लावला तर गरम. मी घाबरून आक्काकडं गेले. "पिंपाला ताप आलाय."

"कडक हाय?"

"हो."

"येऊ दे," ती म्हणाली. पण तिच्याही चेहऱ्यावर काळजी होती. आम्हा दोघींनाही यातलं काही कळत नव्हतं.

आप्पा सकाळच्या वेळी आले. बॅगा अजून दारात होत्या, तेवढ्यात मुलानं सुरुवात केली. "आप्पा, त्या पिंपापायी शेजारी बोंबलायला लागल्यात. मी म्हनतो, ते काढून टाकू आन् खोली..."

आप्पा चपला न काढताच मागं आले. मी भिंतीला टेकून उभी. त्यांनी कडी काढली. झाकणातून वाफ वर आली. त्यांनी आत हात घातला, मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली. मी पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"मुरतंय," आप्पा म्हणाले. "कच्चं हाय अजून. पन मुरतंय." मग मुठीतून सरळ कापलेल्या काठाचा एक तुकडा वेचला. "हे काय?"

"विडीच्या पानांची कात्रणं. आक्कानं आणली."

"कोन आक्का?"

"निपाणीची."

भिंतीवरून अज्जींचं डोकं वर आलं. त्या आप्पांना कानडीत काहीतरी घाईघाईनं सांगू लागल्या, आणि शेवटी मोठ्यानं "बुंदी!" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग मुलाकडं वळून म्हणाले, "टायरचं दुसरीकडं बग. ही पोरगी इथंच ऱ्हाईल."

माझी मुलगी त्याच खोलीत रांगली. त्या खतावर आप्पांच्या बागेत गुलाब आले, आणि अज्जी भेटेल त्याला बुंदीची गोष्ट सांगत राहिल्या. पुढं फौंड्रीचं काम कमी झालं आणि आम्ही पुण्याकडं आलो. त्याच्या आधीच आक्का आईच्या आजारपणासाठी निपाणीला गेली होती. निरोप घ्यायचा राहून गेला. मी एकदा तिला विचारलं होतं, आक्का, तुला काय देऊ? तर म्हणाली, "मला काय करायचंय? आमच्या आईच्या दारात कढीपत्ता जगत न्हाय बग. तंबाखूच्या धुरळ्यानं का कशानं, जळूनच जातोय. कवातरी येऊन जगवून दे."

नवऱ्यानं इथं पुण्याला मला छोटं पिंप करून दिलंय, गॅलरीत मावेल एवढं. कोरडं भरपूर घालते. राखही घालते. त्यातलं खत कुंडीत घालून कढीपत्त्याचं एक रोप वाढवलंय, आता गुडघ्याएवढं झालंय. आक्का, ते रोप आणि खताचं पोतं टपावर टाकून मी निपाणीला येणार आहे. तुझ्या आईच्या दारात मी माझ्या हातांनी ते लावीन, आणि पान धरेपर्यंत तिथून हलणार नाही.