हजेरीतला लिंबाजी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. ज्याला प्रूफ नाही ते फळ्यावरून पुसायचं, हा माझा खाक्या. या सदरातले पिंपळाखालच्या बाईचे वगैरे अनुभव मी चहासोबत वाचतो आणि मनसोक्त हसतो. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर माझ्यावरही कुणीतरी हसणार... हसा बापडे. पण हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, बीडची. बिंदुसरा नदीच्या काठाला आमचं बोर्डिंग होतं. दगडी भिंती, वर पत्रे, समोर लांबलचक ओसरी आणि अंगणात एक कडुनिंब. आम्ही खेड्यापाड्यांतली सतरा पोरं तिथं राहून शिकत होतो. जो तो घरून ज्वारी आणायचा, ती एकत्र दळली जायची आणि काशीबाई नावाच्या आचारीणबाई सगळ्यांच्या भाकरी थापायच्या. माझं गाव शिरूरच्या पलीकडं. घरी मेंढरं. आमच्या सात पिढ्यांत पाटीला हात लावणारा मी पहिला, म्हणून ती बोर्डिंगमधली जागा म्हणजे माझ्या घरादाराला देवळाच्या कळसाइतकी मोठी वाटायची.

बोर्डिंगच्या प्रमुखांना मोहतमीम साहेब म्हणत. माणूस शिस्तीचा. रोज सकाळी ओसरीवर ओळ लावायची, साहेब रजिस्टर उघडून बापाच्या नावासकट पुकारायचे — "लिंबाजी वल्द भागूजी!" — आणि आपण म्हणायचं, "हाजिर!" विनापरवाना एक दिवस जरी गैरहजर, तरी नाव खारिज. आणि खारिज झालेल्याची जागा लगेच बाहेर ताटकळणाऱ्या पोरांच्या यादीतल्या पहिल्या पोराला.

माझ्या खोलीत यशवंत होता. पाटोद्याकडच्या जमीनदाराचा मुलगा, पण मेंढक्याच्या पोराच्या ताटातली चटणी ओढून खाणारा. मोठा नकलाकार. साहेबांची, काशीबाईंची, माझी — कुणाचाही आवाज काढायचा. माझी 'हाजिर' तर अशी काढायचा की मलाच वाटावं मी बोललो. सख्खा भाऊ असता तरी त्याच्यावर एवढा जीव लावला नसता मी.

त्या हिवाळ्यात बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या एका माणसानं निरोप आणला. आईनं अंथरूण धरलंय, तुझं नाव घेती, लवकर ये. मी साहेबांकडं धावलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पिछले साल भी तुम्हारी वालिदा बीमार होत्या ना, मियाँ?"

मी मान खाली घातली. मागल्या वर्षी आई आजारी असल्याची थाप मारून मी गावच्या जत्रेला गेलो होतो, आणि परत येताना रेवड्या सापडल्या होत्या माझ्या पिशवीत! आता कोण विश्वास ठेवणार? पुढच्या आठवड्यात तपासणीला वरून अंमलदार येणार होते. साहेबांनी सरळ सांगितलं की तोवर कुणालाही रुखसत, म्हणजे रजा, नाही.

खोलीत येऊन मी भिंतीला टेकून बसलो. यशवंत जवळ आला.

"कावून रडतूस बे? जा की तू. मी हाय न्हवं? साहेब रजिस्टरातनं मुंडकं तरी वर काढतो का? तुझी हाजिर मी देतो."

"अन् घावलं म्हंजी?"

"आन भंडारा इकडं."

माझ्या ट्रंकेत बिरोबाचा भंडारा असायचा, आईनं पुरचुंडीत बांधून दिलेला. आमच्यात भंडारा उचलून घेतलेली शपथ कुणी मोडत नाही. यशवंतनं चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "लिंब्या, तुझी जागा मी जाऊ देणार न्हाई." मी त्याच्या गळ्यात पडलो. एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. जागेसाठी ताटकळणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव होतं ते यशवंतच्या धाकट्या भावाचं.

सोमवारी हजेरी देऊन मी मागच्या बाजूनं निघालो. दिवसभर चालून अंधार पडायला घरी पोचलो. आईनं मला ओळखलं, हात घट्ट धरला, शाळेचं विचारलं. मंगळवारी दुपारी ती गेली.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. अग्नी मी दिला, तिथंच नदीवर माझं डोकं भादरलं. मी रडलो नाही. का ते ठाऊक नाही, पण डोळ्यांतून पाणीच येईना. बायका म्हणत होत्या, पोरगं दगड झालंय, त्याला रडवा. बुधवारी राख सावडली आणि बापानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"धाव्याचं आमी बघतो. तू माघारी जा. तुझी साळा बुडाली तर ती वरनं मला बोलंल."

गुरुवारी पहाटे निघून तिसऱ्या प्रहरी मी बीडात शिरलो. वाटभर एकच विचार होता. खोलीत जायचं, यशवंताला सांगायचं 'आई गेली' — आणि मग मला रडू येईल. त्याच्याजवळ नक्की येईल.

बोर्डिंगच्या अंगणात काशीबाई सूप घेऊन बसल्या होत्या. माझा गोटा पाहून त्या दचकतील, विचारतील असं मला वाटलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नदीवर गेलतास व्हय रं लेकरा? सकाळधरनं जेवला न्हाईस. काल माझ्या हातानं कडू घास भरवला तेवढाच काय तो पोटात."

मरण झालेल्या घरी शेजारपाजारचे जो पहिला घास भरवतात, तो कडू घास. मी म्हटलं, "काल? मला?" त्या माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहत राहिल्या. तेवढ्यात ओसरीवरून साहेबांची हाक आली.

आत गेलो तर यशवंत उभा. पायाशी त्याची ट्रंक आणि वळकटी. साहेब उठून माझ्याजवळ आले — हे साहेब कधी खुर्चीतून उठत नसत! — आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिंबाजी, वालिदा गेल्या तरी तू फर्ज सोडला नाहीस. मी तुला झूटा समजलो. आणि हा तुझा दोस्त बघ. मंगळवारी भर हजेरीत ओळीतून बाहेर येऊन म्हणतो, साहेब, लिंबाजी पळून गेला, नाव खारिज करा, माझ्या भावाला घ्या!"

मी यशवंताकडं पाहिलं, त्यानं नजर खाली वळवली. साहेब बोलतच होते.

"मी मान वर करून पाहतो तर तू समोर उभा. हाजिर म्हणालास. बुधवारी डोकं भादरून आलास. मी विचारलं, तर म्हणालास आई गेली. पंधरा पोरांनी ऐकलं. आणि हा? आजही म्हणतो, तू इथं नव्हतासच! आता तूच सांग."

मंगळवारी दुपारी आई गेली, आणि बुधवारी सकाळी बीडात कुणाला ते कळणं शक्य नव्हतं. गावाहून कुणी आलं नव्हतं. मी एकटाच आलो होतो, तोही आत्ता. हे सगळं डोक्यात गरगरत होतं, पण त्याहून मोठ्यानं एकच गोष्ट वाजत होती. यशवंतानं भंडारा मोडला. माझी आई तिकडं शेवटचे श्वास घेत असताना हा इकडं माझी जागा भावाला देत होता.

यशवंत रडवेला झाला होता. त्यानं माझा हात धरला.

"लिंब्या, चुकलं बे माझं. पर खरं सांग, तू गेलतास का न्हाई? तू न्हवतास न्हवं हितं?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "मी इथंच होतो."

त्याच दिवशी तो खारिज झाला. खोटं बोलला म्हणून. खरं बोललेला माणूस खोटा ठरून गेला, आणि खोटं बोललेला मी त्याच बोर्डिंगातून शिकून मास्तर झालो. त्याच्या भावालाही मग जागा मिळाली नाही.

बऱ्याच वर्षांनी पाटोद्याच्या बाजारात यशवंत भेटला. केस पिकले होते. दोघांनीही आधी बघितलं-न बघितलं केलं, मग एका हॉटेलात जाऊन बसलो. मी त्याला सांगून टाकलं की मी नव्हतो, तू खरं बोलला होतास. त्यानं बशीतला चहा खाली ठेवला.

"मला ठावं हाय. तीन दिवस ओळीत तुझी जागा रिकामी व्हती, लिंबाजी. साहेब रिकाम्या जागंकडं बघून बोलायचे. काशीबाई रिकाम्या पाटापुढं घास धरायची. पोरं त्या जागंला समजूत घालायची. मला वाटलं, समदे मिळून माझी चेष्टा करत्यात. एकट्या मलाच काय बी दिसलं न्हाई."

म्हणजे पंधरा पोरं, साहेब आणि काशीबाई, एवढ्यांना मी दिसलो. न दिसलो तो फक्त ज्यानं माझ्यासाठी भंडारा उचलला होता त्याला. मी अनेकदा कागदावर मांडून पाहिलंय. थट्टा म्हणावं, तर आईचं कुणाला कळलं कसं? भास म्हणावं, तर सतरा जणांना एकच भास होतो का? काही जण म्हणतात, तुझ्या आईनंच जाता जाता सोय केली. असेल. पण तसं असतं तर मला बरं वाटायला हवं होतं ना? मला तर राग येतो. यशवंतावर आहेच, तो मी अजून गिळलेला नाही. स्वतःवरही आहे. आणि सगळ्यात जास्त त्या ओळीतल्या लिंबाजीवर.

कारण बोर्डिंगातले जे कोणी सोबती पुढं भेटले, त्या सगळ्यांना एक गोष्ट पक्की आठवते. बुधवारी सकाळी, 'आई गेली' म्हटल्यावर, मी ओसरीचा खांब धरून ढसाढसा रडलो होतो म्हणे. सगळ्यांनी मला जवळ घेतलं, पाणी पाजलं. त्यामुळं गुरुवारी मी परत आलो तेव्हा समजूत घालायची कुणाचीच राहिली नव्हती. आणि मी — मी अजून रडलेलो नाही.