आमचंबी रक्त

मला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सांधे दुखायला लागले की देवरीहून बसने गोंदियाचा दवाखाना गाठायचा, हे ठरलेलं. मागल्या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुझ्या जनुकांची माहिती संशोधनाला देशील का? नाव कुठे जाणार नाही. मी लगेच हो म्हटलं.

घरी सांगितलं तर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भडकले. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. "तुह्या रक्तात आमचंबी रक्त हाये. आमाले काऊन नाही इचारलं?"

माझं डोकंच फिरलं. हा आजार आई-बाप दोघांकडून येतो, हे डॉक्टरांनी कितीदा सांगितलं. तरी हेच मोठे बाबा आजवर म्हणत आले, की तो माझ्या आईच्या माहेरचा, आमच्या घराण्यात नाही.

मी काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आमच्याकडे बाई थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. म्हणून ती मलाच म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल असं, "पोरी, सांग त्यायले. रक्त तुमचंबी हाये, हे आज तुमच्याच तोंडून निघालं म्हनून."