रावेर ते साक्री, गार वारा फेकणाऱ्या हीटरसोबत

नाना म्हणतात, खानदेशात हीटर कायले लागते. नाना, म्हणजे माझे वडील. त्यांनी घरची ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे. मी मनालीकडे टुरिस्ट गाडी चालवतो. तिथे हीटर बंद पडला तर पाहुणे पैसे न देता उतरतात. नानांचं आयुष्य रावेरच्या केळीच्या बागेत गेलं, त्यामुळे त्यांची सगळी दुश्मनी उन्हाशी. मे महिन्यात ते सीटवर ओलं गोणपाट टाकतात, काचांना जुन्या साडीचे पडदे लावतात. थंडी म्हणजे त्यांच्या लेखी मफलर गुंडाळला की संपली.

जानेवारीत सुट्टीवर आलो तेव्हा काम एकच होतं. अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सासरी साक्रीला पोचवायचं. बाळंतपण आमच्याकडे झालं. मुलगी झाली, पण वजनाला कमी. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, हिला गारठा लागू देऊ नका. मधे एक मुक्काम धुळ्याला आत्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमावस्या लागायच्या आत बाळाचं पाऊल सासरच्या उंबऱ्यात पडायला हवं, असं ठरलं.

मी म्हटलं, पहिल्या दिवशी तरी ऊन वर आलं की निघू. नाना म्हणाले, "प्रवासाले उन्हाच्या आत निंघा लागते." जानेवारीतसुद्धा. आमच्याकडे ही सवय हाडात मुरलेली आहे. उजाडता उजाडता निघालो. केळीच्या बागांवर धुकं, रस्त्यावर माल भरलेले ट्रक. इंजिन गरम झाल्यावर मी ऐटीत हीटर लावला, आणि पायाशी गार वारा आला. बाहेरच्या हवेइतकाच गार.

तुमच्यापैकी कोणाची गाडी असं करत असेल त्यांच्यासाठी मी काय काय केलं ते सांगतो. आधी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर, म्हणजे इंजिन तापतंय, थर्मोस्टॅट ठीक. फैजपूरच्या पुढे थांबून बोनेट उघडलं, रेडिएटरच्या पाण्याची बाटली पाहिली. पाणी कमी होतं, भरलं. वाटेत बामणोद लागतं. हिवाळ्यात तिथलं भरताचं वांगं न घेता पुढे जाऊ नका. आत्यासाठी दोन किलो घेतली. हीटरची हवा गारच.

भुसावळला पुन्हा बोनेट. नाना मागे बसून बाळाला मांडीवर घेऊन होते. मी त्यांना सांगत होतो, मनालीत आम्ही असं करतो, मनालीत आम्ही तसं करतो. ते हं हं करत होते.

जळगाव सोडलं. इथून धुळ्यापर्यंत हायवे चांगला आहे, फास्टॅगवर टोलपुरते पैसे असू द्या. एरंडोलजवळ एका चढावर गाडीचं तोंड वर करून उभी केली, पाइपात हवा अडकली असेल तर निघून जाईल म्हणून. पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. तेवढ्यात मागून अक्का हळूच म्हणाली, "भाऊ, हिचे पाय गार पडले रे."

मी हात लावून पाहिला. मोज्यातून गार लागत होते. पंखा बंद केला तरी जुन्या दारांच्या फटींतून वारा येतच होता. नानांनी मफलर सोडून बाळाच्या पायांना गुंडाळला, अक्काने तिला पदराखाली छातीशी घेतलं. पुढच्या ढाब्यावर उन्हाची तिरीप पाहून खाट ओढली आणि पाय गरम होईपर्यंत बसलो. चहा दहा रुपये, बरा होता. मी म्हणालो, "उद्या सकाळी साक्रीची थंडी याच्या दुप्पट असेल." नाना उन्हाकडे बघत बसले.

धुळ्यात आत्याकडे शेवभाजी तयार होती. तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारी, ती खाल्ली की हीटरची गरज नाही. जेवण झाल्यावर आत्याच्या गल्लीतल्या मिस्तरीकडे गाडी नेली. नाना आणि आत्याही मागून चालत आले. मी मिस्तरीला थर्मोस्टॅटपासून चढावापर्यंत सगळं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं, एअर फिल्टरच्या डब्यामागे हात घातला आणि हसला.

"हीटरले पानीच जात नही भो. दोन्ही पाईप एकमेकले जोडी देयेल शेतस. कोनी करं हाई?"

मी नानांकडे पाहिलं. मिस्तरीने मागवलेला चहा त्यांनी बशीत ओतला.

"आखाजीले करेल व्हतं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही? मी फैजपूरपासून बोनेट उघडतोय."

"तू इचारलंच कोठी? तू तं मनालीचं सांगत व्हता." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "मलेबी तिचे पाय पाह्यल्यावरच आठवलं. मंग म्हटलं, रस्त्यात सांगून काय व्हईन."

आत्या म्हणाली, "बाप शे ना तुना. तुना मायेक." म्हणजे तुझ्यासारखाच.

आखाजीची गोष्ट संध्याकाळी अक्काने सांगितली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. हीटरची झडप उघडी अडकलेली, त्यामुळे भर उन्हात पायाशी गरम वाफा. पारोळ्यापासून रावेरपर्यंत ती ओकत आली. तिला परत सोडायच्या आधी नानांनी गावातल्या मिस्तरीकडून पाइप परस्पर जोडून घेतले, म्हणजे गरम पाणी हीटरमधे जाणारच नाही. "परत जाताना वाफा नव्हत्या, मला वाटलं, वारा बदलला," अक्का म्हणाली. तेव्हाही त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं.

मिस्तरीने हीटरमधून पाणी मारलं तर आधी चहाच्या रंगाचा गाळ आला. नवे पाइप, क्लॅम्प आणि मजुरी मिळून सातशे घेतले. जाताना म्हणाला, एका पाइपात नळ बसवा. उन्हाळामां बंद, हिवाळामां चालू. त्याच्याकडे तेव्हा नळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुसुंबा, नेर करत निघालो. नेरच्या पुढे धुकं इतकं की समोरची बैलगाडी जवळ गेल्यावर दिसली. हीटरमधून आधी धुळीचा वास आला, मग ऊब. अक्काने बाळाचे मोजे काढले. पोरीने पाय झाडले आणि ती झोपली. थोड्या वेळाने नानांनी स्वेटरचं वरचं बटण सोडलं. "जरा कमी कर रे," ते म्हणाले. मी केला नाही.

अमावस्या लागायच्या आत पोचलो. अक्काच्या सासूने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बाळाला घेतलं आणि सगळ्यात आधी तिचे पाय चाचपले. "गरम शेतस," ती म्हणाली. त्याच्यासाठीच सगळं केलं होतं.

आता मनालीत माझ्या खोलीवर बसून हे लिहितोय. गाडीचं मी बरंच शिकलो असेन, पण आता हीटर गार असला की पाण्याच्या बाटलीआधी मालकाला विचारतो, उन्हाळ्यात गाडीला काही केलं होतं का. हिमाचलातले लोक चक्रावतात.

काल नानांचा फोन आला. हवापाणी, केळीचा घड, सगळं झालं. मग म्हणाले, आखाजीले ती पोरीले घिऊन येईन, तं तो नळ बसवून घेऊ का? बंद-चालूचा? मी म्हटलं, आणि साधं पाणी नको, कूलंट भरा. ते म्हणाले, बरं. वाद घातला नाही.

नळ, कूलंट आणि दारांचं नवं रबर, सगळं मिळून आज अडीच हजार पाठवतोय.