नापास झालेल्याचा सल्ला

मी मॅट्रिक झालो तो नगरच्या हायस्कुलातून. आमचं गाव आणे, पठारावरचं. तिथून पुण्यापेक्षा नगर जवळ, म्हणून माझं शिक्षण आधी पूर्वेला गेलं. निकाल कळला तेव्हा वडील गोठ्यात होते. त्यांनी विचारलं, "म्हंजी आता झालं का?"

"नाय आबा. आजून कॉलेज हाये."

"ते किती वर्सं?"

मला नीट सांगता आलं नाही. आमच्या गावातून तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. सल्ला द्यायला मात्र सगळे पुढं आले. माझे चुलते जुन्नरच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं म्हणणं, पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातच जायचं. शिकवायला गोरे साहेब, इमारत दगडी, तिथून बाहेर पडलेला माणूस एक दिवस मामलेदार होतो. दुसरं एक देशी मंडळींनी चालवलेलं कॉलेज होतं, त्याचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करीत. खरं सांगायचं तर माझंही मन मोठ्या कॉलेजाकडेच ओढत होतं. मी ते पाहिलंही नव्हतं.

जुन्नरला मला मराठी चौथीपर्यंत शिकवलेले मास्तर होते. आधी आण्याच्या शाळेवर होते, मग त्यांची बदली जुन्नरला झाली. मी त्यांच्या पाया पडायला गेलो आणि कुठल्या कॉलेजात जाऊ म्हणून विचारलं. त्यांनी मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाले, "पास झालेला माणूस आपल्या कॉलेजाची स्तुतीच करणार. त्याला विचारून काय उपयोग? इथं कागदी मोहल्ल्यात एक जण प्रीव्हियसला नापास होऊन परत आलाय. त्याला जाऊन विचार."

प्रीव्हियस म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष. मला ते बोलणं अपशकुनासारखं वाटलं. तरी मास्तरांचा शब्द, म्हणून गेलो.

जुन्नरचे कागदी मुसलमान. जुन्या तागाच्या चिंध्या कुटून, भिजवून पिढ्यान्‌पिढ्या हातानं कागद करीत आलेले. मी गेलो तेव्हा तो माणूस लगद्याच्या हौदापाशी बसून साचा पाण्यात बुडवत होता. वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. कोपरापर्यंत हात ओले, बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. मी आलेलं कारण सांगितलं. त्यानं साचा वर काढला, पाणी निथळू दिलं, ओला ताव थप्पीवर उलटा केला आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरांनी धाडलं?"

"व्हय."

"बस."

त्यानं पुढचे चार-सहा ताव काढले. मग हात पुसून माझ्याजवळ येऊन बसला.

"मोहल्ल्यातून कॉलेजात जाणारा मी पैला. लई लोक येशीपर्यंत सोडाया आले व्हते," तो म्हणाला. "तुला वाटंल, तिथं मला कुणी हसलं. नाय हसलं. कुणी बगितलंच नाय. साहेब यायचा, इंग्रजीत बोलायचा, जायचा. माझ्या कानावर जे पडंल ते मी वहीत उतरवायचो, आन् खोलीवर येऊन वाचलं की माझंच मला कळायचं नाय. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता दोन महिनं गेलं. मग विचारायची लाज वाटाया लागली. दोन महिनं गप बसल्याला माणूस एकदम उठून काय विचारणार?"

"मग?"

"मग वर्गात जायचा बंद झालो. रोज कपडे करून निघायचो आन् नदीच्या काठी जाऊन बसायचो. घरी लिवायचो, सगळं ठीक हाये."

पुढं त्याचे वडील कागद घेऊन पुण्याला गेले, आणि मुलाला भेटावं म्हणून कॉलेजात चौकशीला गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, या मुलाचं नाव केव्हाच कमी केलंय. वडील खोलीवर आले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. मुलाची पेटी उचलून गाडीत ठेवली.

"आजपातुर विचारलं नाय त्यांनी," तो म्हणाला.

मी उठायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "इमारत बगून कॉलेज निवडू नगं. तिथं जा, आन् एकच विचार. जो पोरगा मागं पडतो, त्याचं तुमी काय करता? ह्ये विचार, आन् सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बग."

आठवड्याभरात त्याची कागदाची गाडी पुण्याला जायची होती. "चल माझ्याबरूबर," म्हणाला. चुलत्यांना हे रुचलं नाही, पण आबा म्हणाले, "जाऊ दे. वाट म्हाईत असल्याला माणूस हाये."

नारायणगाव, मंचर, खेड असा तीन दिवसांचा प्रवास झाला. मंचरला आम्ही बैल सोडले तेव्हा त्यानं मला आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली आणि लगेच हात मागं घेतला. माझ्या घरचा आचार त्याला ठाऊक होता. मी ती भाकरी घेतली. ही गोष्ट घरी मी कित्येक वर्षं सांगितली नाही, याची आता शरम वाटते.

पुण्यात पहिल्यांदा मोठ्या कॉलेजात गेलो. तो फाटकाशीच थांबला. "तू जा," एवढंच म्हणाला. मी कमानीखालून आत गेलो, ऑफिस शोधलं आणि कारकुनाला तो प्रश्न विचारला. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मागं पडतो म्हणजे? हजेरी भरली नाही तर नाव कमी होतं. नियम आहे." बोलण्यात राग नव्हता. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

दुसरं कॉलेज पाहायला गेलो तेव्हा तो माझ्याबरोबर व्हरांड्यापर्यंत आला. इमारत साधी, कौलारू. गणिताचे प्रोफेसर बाहेरच उभे होते. उपरणं, पगडी, हाताला खडूची भुकटी. मी अडखळत विचारलं. ते म्हणाले, "मागं पडणारा आधी गप्प होतो. आम्हाला तो ओळखावा लागतो. दर वेळी ओळखता येतोच असं नाही. सापडला तर घरी बोलावतो." मग माझ्या मागं पाहून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण? हेही नाव घालणार का?"

तो खाली बघत म्हणाला, "मी कागदी. कागद घेऊन आलोय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे एकदा कॉलेजात होते, हे मागं पडले आणि यांना कुणी ओळखलं नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता! पण माझं सगळं लक्ष माझ्या स्वतःच्या नावाकडे होतं. मी तिथं नाव घातलं.

कॉलेजचे पहिले दिवस आनंदात गेले. नवी पगडी, नवी वही, खोलीत दोन सोबती. सोबती पुण्यातल्याच शाळेतून आलेले, इंग्रजी त्यांच्या कानांच्या सवयीचं. मला मात्र नगरला इंग्रजी पुस्तकात भेटलं होतं, कुणाच्या तोंडून असं धो-धो ऐकलं नव्हतं. इतिहासाच्या तासाला मी कानावर पडतील ते शब्द लिहीत सुटलो. बीजगणितात पहिली पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकत. विचारू म्हणत होतो. सोबत्यांसमोर नको, म्हणून थांबत होतो. आणि एक दिवस तासाची वेळ झालेली असताना मी मुठेच्या काठी एका दगडावर बसलेला होतो. तिथं कसा आलो ते आठवत नव्हतं. हीच ती नदी, हाच तो रस्ता.

मी उठून टपालकचेरीत गेलो आणि जुन्नरला त्या कागद्याला कार्ड लिहिलं. आबांना वाचता येत नसे; त्यांना लिहिलं असतं तर ते पत्र चावडीवर सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं. लिहिलं एवढंच, "भाई, मला काही कळत नाही. आज मी तासाला गेलो नाही."

उत्तर आलं नाही. दहा-बारा दिवसांनी दुपारी दारात आबा उभे. खांद्यावर घोंगडी, पायात धूळ. मला कळेना. मग समजलं ते असं. कार्ड मिळताच तो जुन्नरहून बेल्ह्याच्या बैलबाजारात चालत गेला होता. आबा बाजाराला येतात हे त्याला ठाऊक होतं. त्या गर्दीत हुडकून त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पोरगा अडचणीत हाये. रागं भरू नका. पर गपबी बसू नका. जाऊन विचारा."

आबांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, रडतही असेन. ते म्हणाले, "नापास झालास तर घरी ये. घर हाये. पर सांगून ये. आता चल, त्या मास्तराकडं जाऊ."

प्रोफेसरांच्या ओसरीवर आबा घोंगडी टाकून खालीच बसले. म्हणाले, "ह्या पोराला कळत नाय म्हणतो. मलाबी कळत नाय. तुमाला कळतं, तर जरा सांगा ह्याला."

प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी मला उद्यापासून सकाळी यायला सांगितलं, आणि मी वर्ष संपेपर्यंत जात राहिलो.

तरीही त्या वर्षी मी गणितात नापास झालो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण मी ते घरी स्वतः जाऊन सांगितलं, पुन्हा त्याच वर्गात बसलो आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत जुन्नरला त्याला भेटलो होतो. म्हणालो, "भाई, तुमीबी चला. ते प्रोफेसर तुमाला घेतील, मी बोलतो त्यांच्याशी." तो हौदावर वाकलेला होता. "माजं वय गेलं आता," म्हणाला. मी पुण्याला परतलो. प्रोफेसरांशी बोलायचं मनात होतं. परीक्षा झाली की बोलू, असं ठरवलं.

परीक्षा झाली त्या थंडीत जुन्नरला प्लेगाची साथ आली. लोक गाव सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले. मी पास झाल्याचं सांगायला गेलो तेव्हा मोहल्ल्याची दारं बंद होती. गावाबाहेर झोपड्यांत चौकशी केली. तो साथीत गेला होता. त्याच्या आधी चार दिवस त्याचे वडील गेले होते.

झोपडीत त्याची आई होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला आत बोलावलं. तिनं मला पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "तू पुन्याच्या कालेजातला. तुला म्हाईत आसंल. त्यानं तिथं काय गुन्हा केला व्हता?"

"गुन्हा?" मी विचारलं.

"नापास झाला म्हनत्यात, पर काढून टाकला ना त्याला," ती म्हणाली. "मोहल्ल्यात कोन म्हनायचं चोरी केली, कोन म्हनायचं साहेबावर हात टाकला. त्याच्या बापानं कदी सांगितलं नाय, त्यानंबी सांगितलं नाय. मी कदी विचारलं नाय."

"काही केलं नव्हतं त्यांनी, अम्मा," मी म्हणालो. "त्यांना इंग्रजी नीट कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. म्हणून तासाला जायचं सोडलं. हजेरी भरली नाही, नाव कमी झालं."

"येवढंच?"

"एवढंच."

तिनं पदर तोंडाला लावला. बाहेर कुणीतरी शेळ्यांना हाकत होतं. मग ती उठली, चुलीत काटक्या सारल्या आणि मला जेवूनच जायला सांगितलं.